उन्हाळ्यातले सिरपूर : बदके परत गेल्यावर तळ्यावर काय असते?

हिवाळ्यात सिरपूर तलावावर जाणारी कुटुंबे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी स्वेटर-मफलर घालून, थर्मासमध्ये चहा घेऊन निघायचे, मुलांना थापट्या आणि तलवार बदक दाखवायचे आणि परतताना पोहे-जिलेबी खायची, हा बेत अनेक घरांत ठरलेला आहे. मार्च सरला की मात्र सगळे थांबते. "आता तिथे काय आहे? बदके गेली, पाणी आटले, नुसते ऊन!" आम्हीही कित्येक वर्षे हेच म्हणत होतो.

गेले तीन उन्हाळे आम्ही काही कुटुंबे एप्रिल ते जून या काळात ठरवून तळ्यावर जात आहोत. हिवाळ्यात तिथे पाहुण्यांची गर्दी असते, उन्हाळ्यात घरची मंडळी दिसतात. आणि त्या घरच्या मंडळींची लग्नकार्ये, बाळंतपणे बरीचशी याच दिवसांत चाललेली असतात. सुट्टीत नातवंडे घरी आलेली असताना त्यांना घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. त्यात पक्षी आहेत, मुलांना करण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि आम्हा मोठ्यांच्या हातून झालेली एक चूकही आहे.

तळ्याविषयी थोडेसे

सिरपूरचे तळे शहराच्या पश्चिमेला धार रोडवर आहे. ते होळकरांच्या काळात बांधले गेले आणि एके काळी इंदूर शहराला त्यातून पाणी मिळत असे. म्हणजे तळे मानवनिर्मित; पण इतक्या वर्षांत त्याने नैसर्गिक पाणथळीचे रूप घेतले आहे. क्षेत्रफळ सुमारे १६१ हेक्टर. खोली मात्र फार नाही. भर पावसाळ्यातसुद्धा पाणी साधारण दोन मीटरपर्यंतच चढते. उन्हाळ्यातले सगळे नाट्य या उथळपणामुळे घडते, ते पुढे येईलच.

मधल्या काळात या तळ्याची अवस्था वाईट झाली होती. इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या 'नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेने अनेक वर्षे पाठपुरावा केला नसता, तर आज तिथे दाखवायला कदाचित तळे उरले नसते. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि हातोदजवळचा यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या दोन शहरांना भारतातली पहिली रामसर 'वेटलँड सिटी' म्हणून मान्यता मिळाली. स्वच्छतेचे क्रमांक आपण सगळे तोंडपाठ सांगतो. ही गोष्ट मात्र आपल्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत विचारली तेव्हा एकाच मुलीला सांगता आली, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

आटत्या पाण्याचा फायदा कोणाला?

एप्रिलपासून पाणी रोज थोडे थोडे मागे सरकते. आधी काठावर ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो, मग तो वाळून त्याला भेगा पडतात. आपल्याला हे दृश्य उदास वाटते. पक्ष्यांच्या दृष्टीने पाहिले तर उरलेल्या पाण्यात मासे, शंख-गोगलगायी, किडे यांची दाटी होते आणि खाणे सहज सापडू लागते. म्हणून याच दिवसांत बगळे आणि पाणकावळे एका ठिकाणी जमलेले दिसतात. मुग्धबलाक दिसला तर मुलांना त्याची चोच दुर्बिणीतून जरूर दाखवावी. वरची आणि खालची चोच मिटल्यावरही मधे फट राहते, आणि त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो! पाण्यातल्या गोगलगायी धरून त्यांचे मांस बाहेर काढायला ही चोच कामी येते. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, ती वाढत्या वयात तयार होते. हे ऐकल्यावर आमच्याबरोबरचा एक दुसरीतला मुलगा पूर्ण सकाळभर "मिटलेली चोच" शोधत होता.

चिखलाच्या पट्ट्यावर लांब गुलाबी पायांचे शेकाट्या फिरतात. त्यांचे पाय शरीराच्या मानाने इतके लांब असतात की उडताना ते शेपटीच्या बरेच मागे लोंबतात. ढोकरी, म्हणजे तळ्याकाठी मातकट रंगात गुपचूप उभा राहणारा छोटा बगळा, उन्हाळ्यात ओळखू येत नाही. त्याची पाठ गर्द तपकिरी-लाल होते. गायबगळ्याच्या पांढऱ्या डोक्यावर आणि मानेवर केशरी रंग चढतो. हिवाळ्यात पाहिलेला पक्षी उन्हाळ्यात पाहिला की मुले "हा वेगळा आहे" म्हणतात, आणि तिथून विणीच्या पिसाऱ्याविषयी बोलायला छान निमित्त मिळते.

नदी सुरय हा काळ्या टोपीचा, पिवळ्या-नारिंगी चोचीचा देखणा पक्षी पाण्यावर घिरट्या घालून मासा दिसताच खाली झेपावतो. त्याची वीण मार्च ते मे या काळात उघड्या जमिनीवर, शक्यतो पाण्याने वेढलेल्या जागी होते. पाणी फार लवकर आटले तर ती जागा काठाला जोडली जाते आणि कुत्र्यांना वाट मिळते.

हळदी-कुंकू बदक मात्र घरातल्या आजीने दाखवावे. सगळी बदके परदेशी पाहुणी असतात असा समज आहे. हे बदक आपल्याकडे वर्षभर राहते. काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन कुंकवाचे ठिपके. इतके नेमके नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे आम्हाला वाटत नाही (हा आमचा पक्षपात!). चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत ते दाखवले तर मुले नाव विसरत नाहीत.

टिटवी

आमच्या तीन उन्हाळ्यांतला सर्वांत जास्त वेळ टिटवीने घेतला. तिचे ओरडणे सगळ्यांनी ऐकलेले असते. समुद्राने अंडी नेली म्हणून त्याच्याशी भांडायला उभी राहिलेली पंचतंत्रातली टिटवीही घरोघरी माहीत आहे. माळव्यातले शेतकरी सांगतात की टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर कमी. हा लोकांचा अंदाज आहे, वेधशाळेचा नव्हे. पण गावाकडचा कोणी भेटला तर हा विषय काढून पाहा, अर्धा तास सहज जातो.

टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा, फार तर भोवती चार खडे. अंडी बहुधा चार, टोके आत वळवून ठेवलेली, आणि रंग असा की दोन हातांवर उभे राहूनही दिसत नाहीत. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांना थंड ठेवणे जास्त गरजेचे असते. म्हणून नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभे राहतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि तो ओलावा अंड्यांना देतात. दुपारच्या उन्हात ही जोडी खळग्यापासून थोडा वेळ जरी दूर राहिली तरी अंडी उन्हाने मरू शकतात. साधारण चार आठवडे हा पहारा चालतो.

पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हते. मे महिन्यात मुले चिखलाच्या कडेने पळत असताना एकाचा पाय अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला. सगळे ओरडलो, मूल दचकून थांबले, अंडी वाचली. मग आम्ही काय केले? सगळ्यांना बोलावले. पंधरा-सोळा माणसे खळग्याभोवती उभी राहिली, फोटो निघाले, मोबाइल अगदी जवळ नेऊन व्हिडिओ झाला, आणि जागेचा नेमका पत्ता गटावर टाकला गेला. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या, "बघा, किती धीट आहे!" म्हणून त्याचेही कौतुक झाले. जवळजवळ पाऊण तास. पुढच्या रविवारी त्या जागी रिकामा खळगा आणि आजूबाजूला कुत्र्याचे ठसे होते. पिल्ले बाहेर पडून निघून गेली असती तर टिटव्या जवळपास ओरडत असत्या. तिथे शांतता होती. त्यात आमचा वाटा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. पण एवढ्या माणसांची वर्दळ, टिटव्यांचा तो आक्रोश आणि पायवाट तयार होणे, या गोष्टी कुत्र्याला वाट दाखवायला पुरेशा असतात.

तेव्हापासून आमच्या गटात काही गोष्टी ठरल्या आहेत. काठाच्या उघड्या जमिनीवर उतरायचे नाही, पायवाटेवरूनच चालायचे. टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली की ती आपल्याला "मागे व्हा" म्हणते आहे असे समजून आल्या पावली परत फिरायचे, अंडी शोधायची नाहीत. घरट्याचा फोटो आणि जागा कुठल्याही गटावर टाकायची नाही. हे मुलांनी फार लवकर स्वीकारले. मोठ्यांना थोडा वेळ लागला.

माशांना खाऊ

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. तळ्यावर गेले की माशांना कणकेच्या गोळ्या, परमल, शिळी पोळी घालणे हे आपल्या अनेक घरांत पुण्याचे काम मानले जाते. त्यामागची भावना चांगली आहे, शंकाच नाही. पण उथळ तळ्यात उन्हाळ्यात काय होते ते पाहा. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. टाकलेल्या खाण्यापैकी जे उरते ते कुजते, आणि कुजताना असलेला प्राणवायूही वापरला जातो. शिवाय त्यातून शेवाळ आणि जलकुंभीला खत मिळते. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागावर तोंड उघडे टाकून गोळा झालेले दिसतात; ते भुकेले आहेत असे वाटून आपण आणखी परमल टाकतो. प्रत्यक्षात ते श्वासासाठी वर आलेले असतात.

एका आजींनी यावर चांगला मार्ग काढला. त्या आता तेवढीच कणीक घरी वापरतात आणि गच्चीत, अंगणात पसरट मातीच्या भांड्यात पक्ष्यांसाठी रोज पाणी ठेवतात. भांडे उथळ असावे, पाणी रोज बदलावे म्हणजे डास होत नाहीत, आणि मधे एक दगड ठेवावा म्हणजे चिमण्यांना आणि मधमाश्यांना बसता येते.

मुलांबरोबर काय करता येते

सर्वांत आधी वेळ. मे महिन्यात सूर्योदय पावणेसहाच्या आसपास होतो. तेव्हा पोहोचावे आणि साडेआठला निघावे. माळव्याच्या रात्री थंड म्हणून प्रसिद्ध आहेत, त्या थंडाव्याचा शेवटचा तास सर्वांत चांगला. नऊनंतर मुलांना आणि ज्येष्ठांना तिथे थांबवू नये. पक्षीही सावलीत जातात. संध्याकाळी साडेपाचनंतर गेलात तर रातबगळे बाहेर पडताना दिसतात. टोपी, प्रत्येकाची पाण्याची बाटली, अंगभर सुती कपडे, आणि असेल तर एक दुर्बीण. नसेल तर अडत नाही.

मुलांना "पक्षी बघा" म्हटले तर ती दहा मिनिटांत कंटाळतात. कामे द्यावी लागतात. आमच्याकडे सर्वांत यशस्वी ठरलेले काम म्हणजे पाण्याची नोंद. पायवाटेवरचे एक ठरलेले झाड निवडायचे, दर वेळी त्याच जागेवरून, तितक्याच उंचीवरून एक फोटो काढायचा, आणि तिथून दिसणाऱ्या पाण्याची कड कुठे आहे ते वहीत काढायचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या शेवटापर्यंतचे फोटो ओळीने लावले की तळे कसे आकसते आणि पहिल्या पावसात कसे पसरते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले कळते. दोन मुलींनी हीच नोंद शाळेच्या प्रकल्पासाठी वापरली.

दुसरे काम कानाचे. दहा मिनिटे सगळ्यांनी खाली बसायचे, डोळे मिटायचे आणि जितके वेगवेगळे आवाज येतील तितक्या रेघा ओढायच्या. मग प्रत्येक आवाजाला ज्याला जे नाव माहीत असेल ते द्यायचे. इथे आजी-आजोबांचे राज्य सुरू होते. आपल्या मुलांची पक्ष्यांशी ओळख हिंदीतून आणि शाळेतल्या इंग्रजीतून होते, त्यात वाईट काही नाही. पण मराठी नावे आता घरातल्या दोन-तीन माणसांच्याच तोंडी उरली आहेत. टिटहरी म्हणजे टिटवी, बया म्हणजे सुगरण, पनडुब्बी म्हणजे टिबुकली, अमलतास म्हणजे बहावा. हिंदीतला पपीहा "पी कहाँ" म्हणतो आणि तोच पक्षी मराठीत पावशा होऊन शेतकऱ्याला "पेरते व्हा, पेरते व्हा" सांगतो. एकच हाक, ऐकणारे कान वेगळे! काही जण पपीहा आणि चातक एकच समजतात. ते दोन वेगळे पक्षी आहेत. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, आणि मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने आफ्रिकेकडून येणारा. आपल्याकडे तो जूनच्या सुमारास दिसू लागतो. नावांची शंका आली तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' पाहावा.

आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक पक्ष्यापुढे मराठी, हिंदी, आणि कोणाला माहीत असेल तर माळवी नाव लिहितो, आणि ते कोणी सांगितले तेही. ज्येष्ठांना तळ्यापर्यंत येणे जमत नसेल तर मुलांनी आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकवावा. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी पावशाचा आवाज ऐकून लहानपणीच्या गावाची, तिथल्या विहिरीची आणि विहिरीवर लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यांची हकिगत सांगितली. त्यांच्या सुनेने ती पहिल्यांदाच ऐकली. ध्वनिमुद्रण फक्त घरी ऐकवायचे. तळ्यावर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे हे त्याच्या विणीत विघ्न आणणे आहे.

मे महिन्यात, साधारण दुसऱ्या शनिवारी, जगभर 'ग्लोबल बिग डे' होतो. त्या दिवशी कोणीही, कुठूनही, दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर देऊ शकतो. आमच्या लहान मुलांची यादी पहिल्या वर्षी अकरा पक्ष्यांची होती, त्यात कावळा आणि कबूतर धरून. चालते.

सुगरण आणि पहिला पाऊस

मे अखेरीपासून सुगरण पाहायला विसरू नये. खोपा विणतो तो नर, नाव मात्र सुगरण! गवताच्या पात्याची कड चोचीने धरून तो लांब पट्टी सोलतो आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या किंवा शिंदीच्या फांदीला विणकाम सुरू करतो. खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसू लागला, की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर पुढचे काम, नाही तर तो तसाच अर्धवट लोंबत राहतो. बाभळीवर असे अर्धे खोपे मोजणे हा मुलांचा आवडता उद्योग आहे. नर एका जोडीदारिणीवर थांबत नाही, तो पुढचा खोपा विणायला घेतो. हे मुलांना किती सांगायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

कमळपक्ष्यांची गोष्ट याच्या उलट. तरंगत्या पानांवर लांब बोटांनी चालणाऱ्या या पक्ष्यात मादी अंडी घालून दुसरीकडे जाते आणि नर अंडी उबवतो, पिल्ले वाढवतो. धोका दिसला तर पिल्लांना पंखाखाली उचलूनही नेतो. त्यांची वीण पाऊस सुरू झाल्यावर होते. टिबुकलीचे घरटे मात्र पाणी असेल तेव्हा कधीही दिसू शकते. ते तरंगते असते, आणि घरटे सोडताना ती अंड्यांवर ओले शेवाळ-गवत ओढून मगच पाण्यात बुडी मारते. पिल्ले आई-बापांच्या पाठीवर बसून फिरतात.

ज्यांना सारस क्रौंच पाहायचे असतील त्यांनी एक सकाळ यशवंत सागरसाठी राखून ठेवावी. गंभीर नदीवरचा हा जलाशय मध्य भारतातल्या सारसांचे एक महत्त्वाचे ठिकाण मानला जातो. माणसाएवढा उंच, लाल मानेचा हा पक्षी बहुधा जोडीने दिसतो आणि जोडीचे एकमेकांना हाका देणे फार दुरून ऐकू येते. तिथे शेतांच्या बांधावरून चालावे लागते, तेव्हा शेतमालकाला विचारून जावे.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी साचलेल्या पाण्यात मोठे बेडूक जमतात. नर एरवीचा मातकट रंग टाकून हळदीसारखे पिवळे होतात आणि गालाजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. हा सोहळा फार थोडा वेळ टिकतो, म्हणून आमच्या गटात त्यासाठी तारीख ठरलेली नसते. पाऊस थांबला की ज्याला जमेल तो दुसऱ्याला फोन करतो. पायवाटेवर चिखल असतो आणि साप बाहेर पडलेले असतात, तेव्हा मुलांना चपला न घालता बूट घालून आणावे आणि प्रत्येक घराने एक विजेरी घ्यावी.